२७० ग्रॅमची टेनिस रॅकेट सोडून ३०० ची घ्यावी का? पॉवर, स्पिन आणि वजनाचा हिशोब

बर्डीची_बॅकहँड

नमस्कार मंडळी. दुकानात एक सांगतात, कोर्टवर दुसरंच, म्हणून इथे विचारून राहिले.

सध्याची रॅकेट: हेड १०० चौरस इंच, फ्रेम २७० ग्रॅम (गट, म्हणजे तारा, न घालता), पॅटर्न १६×१९ (उभ्या × आडव्या तारा), बीम (फ्रेमची जाडी) मधोमध २६ मिमी. गट साधं सिंथेटिक, टेन्शन (ताण) ५८ पाउंड. आठवड्यातून चार सकाळी नागपुरात रामनगरला हार्ड कोर्टवर, जास्त करून डबल्स. वय ३८. खांदा, कोपर दोन्ही ठीक.

अडचण अशी. समोरून जोरात बॉल आला की रॅकेट हातात फिरते आणि व्हॉली (टप्पा पडायच्या आत मारलेला बॉल) अर्ध्यातच पडते. सर्व्हिस मात्र बरी जाते. फोरहँडला टॉपस्पिन (पुढच्या दिशेची फिरकी) द्यायला जाते तर बॉल वर चढतो, पण खाली उतरतच नाही, सरळ बेसलाइनच्या बाहेर.

दुकानदार म्हणतो २५५ ग्रॅमची घ्या, "हलकी म्हणजे स्पीड, स्पीड म्हणजे पॉवर." डबल्सची पार्टनर म्हणते ३०० ची घे, वजनाशिवाय बॉल जात नाही. डोळ्यासमोर दोन आहेत: ३०० ग्रॅम, १०० इंच, १६×१९, आणि ३०५ ग्रॅम, ९८ इंच, १८×२०. पंधरा-वीस हजार घालायच्या आधी कोणी नीट समजावून सांगाल का, की वजनाने नेमकं काय बदलतं?

---

सावजी_स्लाइस

ताई, डोकं लावायचं कामच नाही. ३०० ची घ्या, पॉवर आपोआप येते. बॉल बाहेर जाऊन राहिला तर गट ६० पाउंडावर टाइट करा, स्पिन पण वाढते. बाकी सगळा खेळ मनगटाचा.

---

चौकातला_न्यूटन

सावजीभाऊ, मनगटाचं राहू द्या. "टाइट गट म्हणजे जास्त स्पिन" हे तर उलटंच आहे, पण ते गटिंगवाले सांगतील. मी वजनाचं बोलतो.

दुकानदार आणि पार्टनर दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. बॉल किती वेगाने निघेल हे दोन गोष्टींवर ठरतं. बॉल लागतो त्या जागी रॅकेट किती वेगाने आली होती ही पहिली. दुसरी म्हणजे त्या जागेची उसळी, म्हणजे रॅकेट स्थिर असती तर आलेल्या वेगाचा कितवा हिस्सा तिने परत दिला असता. सूत्र सोपं आहे:

निघणाऱ्या बॉलचा वेग = (उसळी × येणाऱ्या बॉलचा वेग) + (१ + उसळी) × रॅकेटचा वेग

हेडच्या मधोमध ही उसळी साधारण ०.४ च्या आसपास असते. समजा जड रॅकेटची ०.४० आणि हलकीची ०.३६. आता तीन शॉट मांडून पाहा.

सर्व्हिसमध्ये येणाऱ्या बॉलचा वेग शून्य. जड रॅकेट १०० किमीने फिरवली तर १.४० × १०० = १४०. हलकीला तेवढंच गाठायला १०३ ने फिरवावं लागेल. म्हणजे फक्त ३ टक्के जास्त, आणि हलकी रॅकेट तेवढी आरामात जास्त फिरते. तुमची सर्व्हिस बरी जाते ती म्हणूनच.

फोरहँडला बॉल ६० ने आला आणि रॅकेट ८० ने फिरली. जड रॅकेट: २४ + ११२ = १३६. हलकी त्याच वेगाने फिरवली तर १३० च्या जवळ, पण ८४ ने फिरवली, म्हणजे ५ टक्के जास्त, की परत १३६. इथेही जवळपास बरोबरी.

आता १२० ने आलेली सर्व्हिस नुसती ब्लॉक करायची आहे, रॅकेट जवळपास स्थिर. जड रॅकेट ४८ ने परत देईल, हलकी ४३ ने. इथे जास्त जोरात फिरवून भरपाई करायला वावच नाही, कारण तुम्ही फिरवतच नाही. व्हॉलीचंही तसंच. डबल्समध्ये निम्मे शॉट याच प्रकारचे. तेव्हा वजन कमी असल्याचा त्रास तुम्हाला नेमका नेटजवळ होतो, आणि २५५ ची घेतली तर तो वाढेल.

पण "वजन" म्हणजे फ्रेमवर छापलेला आकडा नव्हे. बॉलला मुठीतलं वजन कळत नाही, हेडकडचं कळतं. म्हणून पाहायचा तो स्विंगवेट: मुठीच्या टोकापासून १० सेंमीवर आस धरून रॅकेट फिरवायला किती जड, त्याचं माप. मोठ्यांच्या रॅकेटचं गटासकट ते साधारण २८० ते ३४० मध्ये असतं (एकक किलो-सेंमी वर्ग, पण बोलताना कोणी म्हणत नाही). एखाद्या जागी वजन लावलं की स्विंगवेट किती वाढतो ते असं काढा: मुठीच्या टोकापासूनच्या अंतरातून १० वजा करा, वर्ग करा, ग्रॅमने गुणा, हजाराने भागा. हेडच्या शेंड्याला, ६८ सेंमीवर, १ ग्रॅम लावला तर ३.४ ने वाढतो. हेडच्या दोन्ही बाजूंना, घड्याळात ३ आणि ९ वाजतात त्या जागी, म्हणजे ५३ सेंमीवर, तोच ग्रॅम १.८५ ने वाढवतो. मुठीत १० सेंमीवर तुम्ही १० ग्रॅम कोंबा, स्विंगवेट हलणार नाही. ३०० ग्रॅमच्या दोन रॅकेट हातात घेतल्या की एक काठीसारखी आणि दुसरी हातोड्यासारखी लागते, त्याचं कारण हेच.

दुसरा आकडा ट्विस्टवेट, म्हणजे मुठीची आस धरून रॅकेट पिळायला किती जड. हा साधारण १२ ते १६ असतो. बॉल मधल्या रेषेच्या वर किंवा खाली लागला की रॅकेट हातात फिरते, ती ट्विस्टवेट कमी असल्यामुळे. तुमचं "रॅकेट हातात फिरते" हे वर्णन अगदी त्याचंच आहे. नुसतं मूठ घट्ट धरून ते थांबत नाही: बॉल गटावर जेमतेम ५ मिलिसेकंद असतो, तेवढ्यात हाताची पकड कामाला येईपर्यंत बॉल निघून गेलेला असतो. टॉपस्पिन मारताना बॉल मधल्या रेषेवरच बसेल असं नसतं, म्हणून याचा संबंध फोरहँडशीही आहे.

घरी करून पाहायचा एक प्रयोग सांगतो. मूठ एका हातात धरून रॅकेट आडवी ठेवा आणि एक बॉल हेडच्या शेंड्याजवळ वरून सोडा. तो जवळपास मरून पडेल. तोच बॉल गळ्याकडच्या, म्हणजे मुठीकडच्या, बाजूला सोडा, छान उसळेल. शेंड्याजवळ रॅकेटचं परिणामी वजन बॉलच्या वजनाइतकं (५६ ते ५९.४ ग्रॅम) कमी होत जातं, त्यामुळे बॉल आपली सगळी ऊर्जा रॅकेटला देऊन थांबतो. सिडनी विद्यापीठाच्या रॉड क्रॉस यांनी या "मेलेल्या जागे"वर बरंच काम केलं आहे. गंमत म्हणजे सर्व्हिसमध्ये हेच उलटं चालतं: तिथे बॉल थांबलेला आणि रॅकेट फिरणारी, म्हणून शेंड्याकडे लागलेला बॉल रॅकेटची ऊर्जा भरभरून घेतो, आणि शेंडा फिरतोही सगळ्यात वेगाने. व्हॉली मात्र शेंड्यावर घेतली की मेलीच.

---

गटिंगवाला_धंतोली

न्यूटनभाऊंनी पॉवर संपवली. स्पिनवर येतो, आणि ताई, तुमचा अर्धा प्रश्न मला फ्रेमचा वाटतच नाही, गटाचा वाटतो.

आधी एक गोष्ट. समोरून आलेला बॉल कोर्टवर टप्पा पडून येतो तेव्हा आधीच फिरत असतो. स्लाइस मारला तर ती फिरकी त्याच दिशेने पुढे चालू राहते. टॉपस्पिनला मात्र ती आधी थांबवून उलटी करावी लागते. म्हणून टॉपस्पिन मुळातच महाग. खालून वर जाणारा स्विंग आणि हेडचा वेग हा त्यातला मोठा वाटा. रॅकेट नि गट मिळून त्यावरचा मसाला. पण मसाला नसला की काय होतं हे नागपुरात कोणाला सांगायला नको.

बॉल गटावर घासून वर जाताना उभ्या तारा (मेन्स) बाजूला सरकतात आणि बॉल सुटायच्या आत परत जागेवर येतात. परत येताना त्या बॉलला एक जास्तीचा फटका देतात. स्पिन वाढते ती या सटकून परत येण्याने. त्यासाठी मेन्स आणि क्रॉस (आडव्या तारा) यांच्यात घर्षण कमी पाहिजे. पॉलिएस्टर गुळगुळीत आणि कडक, म्हणून सरकतं आणि परत येतं. सिंथेटिक किंवा मल्टिफिलामेंट सरकतं, पण तिथेच अडकून बसतं. पारख सोपी: पॉइंट संपला की बोटांनी तारा सरळ कराव्या लागत असतील तर तुमच्या गटाची ही फेक संपलेली आहे.

खडबडीत गट बॉलला "पकडतं" म्हणून स्पिन येतो असा समज आहे. सहा कोनांचं, पिळदार गट मिळतं, आणि थोडा फरक असेलही, पण तारा एकमेकांवर सरकतात की नाही याच्यापुढे तो किरकोळ. १९७७ मध्ये "स्पॅगेटी" रॅकेट आली होती, तिच्यात तारा एकमेकांत विणलेल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या मोकाट सरकायच्या आणि बॉल विचित्र फिरायचा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने तिच्यावर बंदी घातली, आणि तेव्हापासून तारा एकमेकांत विणलेल्या किंवा जोडलेल्या असाव्यात असा नियम आहे. सरकणाऱ्या तारांत किती दम आहे, ते यावरून समजा.

आता टेन्शन. सावजीभाऊ, ५८ चे ६० केले तर तारा अजून दाबून बसतील, सरकणार नाहीत. वर हाताला दणका. पॉलिएस्टर ४६ ते ५० पाउंडाच्या मध्ये टाका. पॉलिएस्टर स्वतः कडक असल्याने त्याला सिंथेटिकपेक्षा टेन्शन कमीच लागतं. मशीनही विचारा: हाताने फिरवून कुलूप लागणाऱ्या मशीनवर ओढ लागताच तार थोडी सैल होते, त्यामुळे त्याच आकड्यावर सतत ओढणाऱ्या मशीनपेक्षा गट २-३ पाउंड सैल बसतं. दोन दुकानांतले "५०" एक नसतात. दुकान बदललं की आकडाही बदला.

सैल गटाने पॉवर वाढते हे खरं, पण लोक समजतात तितकी नाही. बॉलच मोठा चोर आहे: नियमाप्रमाणे २५४ सेंमीवरून सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंमीच उसळायला हवा, म्हणजे ४० टक्क्यांहून जास्त ऊर्जा तो स्वतःच खातो. गट त्यामानाने फारच थोडी खातं. गट सैल असलं की ते जास्त दबतं आणि बॉल कमी चेपला जातो, म्हणून जरा बचत होते. पण त्याचबरोबर बॉल गटावरून थोडा वरच्या कोनात निघतो, आणि तो लांब पडतो तो मुख्यतः या कोनामुळे. खेळणाऱ्याला वाटतं पॉवर वाढली. तेव्हा सैल केल्यावर पहिले दोन दिवस बॉल बाहेर जाणार. घाबरून परत टाइट करू नका, रॅकेटचं तोंड जरा बंद करा आणि स्विंग वर न्या.

जाडी १.२५ मिमी घ्या. १.३० जास्त टिकतं, पण तुम्ही तार तोडणाऱ्या खेळाडू नाही असं वर्णनावरून दिसतं. पॉलिएस्टर तुटायची वाट पाहू नका, ते तुटायच्या आधी मरतं. साधारण १५-२० तासांचा खेळ झाला की काढून टाका. मोजायची युक्ती: फोनवर गिटारचा ट्यूनर उघडा, डॅम्पनर (तारांचा कंप मारणारं रबर) काढा, गटाच्या मधोमध टिचकी मारा आणि हर्ट्झचा आकडा पाहा. गटिंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला आकडा लिहून ठेवा. टेन्शन त्या आकड्याच्या वर्गाप्रमाणे चालतं. म्हणजे ६०० चे ५७० झाले, ५ टक्के पडले, तर टेन्शन १० टक्के पडलंय.

आणि मे महिन्यात रॅकेटची बॅग गाडीच्या डिकीत ठेवू नका हो. बाहेर ४५ अंश असताना डिकीत काय असेल ते सांगायला नको. गट उष्णतेने सैल होतं ते परत घट्ट होत नाही.

---

कोथरूड_कट

गट पॉलिएस्टर करायचं मान्य, पण एक दुरुस्ती. हायब्रिड (उभ्या-आडव्या तारा वेगवेगळ्या जातीच्या) करणार असाल तर कुठली तार उभी, कुठली आडवी हे बघा. पॉलिएस्टर उभं आणि मऊ सिंथेटिक आडवं असं बऱ्याच दुकानांत सर्रास करतात, हाताला बरं म्हणून. दोन-तीन सत्रांत पॉलिएस्टर त्या मऊ तारेत खाचा पाडतं आणि तारा त्या खाचेत अडकतात. फेडरर उलटं करायचा: उभं नैसर्गिक गट, आडवं पॉलिएस्टर. आडवी तार गुळगुळीत, म्हणून उभी सरकते. पण नैसर्गिक गट महाग, आणि पावसाळी दमट हवेत लवकर उसवतं. क्लब खेळाडूला परवडणारं नाही.

पॅटर्नबद्दल. १८×२० ची फ्रेम तुमच्या यादीतून मी काढून टाकेन. तारा दाट, म्हणून सरकायला जागा कमी आणि बॉल खालच्या कोनात निघतो. सपाट आणि ठरल्या जागी मारणाऱ्याला ते आवडतं, टॉपस्पिन शोधणाऱ्याला नाही. त्यात हेड ९८ इंच. तोंड झुकवून घासून मारताना बॉलला फ्रेमची कड लागायची शक्यता थोडी वाढते. १६×१९ वर मात्र आंधळा विश्वास नको: मधल्या तारांमधलं अंतर फ्रेमप्रमाणे बदलतं. दोन्ही १६×१९, पण एकीच्या मधल्या चौकोनात करंगळी जाते, दुसरीच्या नाही. दुकानात पट्टी घेऊन मधल्या सहा उभ्या तारांची रुंदी मोजा, दुकानदार हसला तर हसू द्या.

बीमही लक्षात घ्या. २६ मिमी जाड बीम म्हणजे कडक फ्रेम. कडकपणा पॉवर "बनवत" नाही. लवचिक फ्रेम बॉल लागल्यावर वाकते आणि ती सरळ होऊन परत येईपर्यंत बॉल गेलेला असतो, म्हणून ती ऊर्जा वाया जाते. कडक फ्रेम कमी वाकते, कमी वाया घालवते. हा फरक मधोमध लागलेल्या बॉलवर फारसा दिसत नाही, शेंड्याकडे लागलेल्यावर दिसतो. आता याची दुसरी बाजू: कडक फ्रेम, हलकं वजन आणि टाइट पॉलिएस्टर हे त्रिकूट कोपराचं वाटोळं करतं. तुमच्याकडे त्यातली दोन आधीच आहेत. म्हणून ४८ च्या वर पॉलिएस्टर नकोच.

---

बर्डीची_बॅकहँड

बाप्पा, एवढं कोणी दुकानात सांगितलं नाही. हो, प्रत्येक पॉइंटनंतर तारा सरळ कराव्या लागतात, हे अगदी बरोबर.

मग आधी गट बदलून पाहते. पण रॅकेट फिरते त्याचं काय? नवीन न घेता आहे त्याच फ्रेमला वजन लावता येतं असं वाचलं. ते नियमात बसतं का, आणि किती, कुठे लावायचं?

---

शिसं_आणि_टेप

नियमात बसतं. फ्रेमवर झीज आणि कंप कमी करायला किंवा वजन वाटायला वस्तू लावता येते. बरेच व्यावसायिक खेळाडू लावतात.

पण आधी मोजा, मग चिकटवा. तीन आकडे लागतील.

वजन: गट, डॅम्पनर, ओव्हरग्रिप (मुठीवर वरून गुंडाळायची पट्टी) सगळ्यासकट. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा डिजिटल काटा रॅकेटला पुरतो. वजन म्हणून चिकटवायच्या शिशाच्या पट्टीला पुरत नाही, तिला ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा. इतवारीत ओळखीचा सराफ असेल तर त्याच्याकडे दोन मिनिटांचं काम आहे.

बॅलन्स: स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला उभी धरून तिच्यावर रॅकेट तोला. मुठीच्या टोकापासून तोल राहतो तिथपर्यंतचं अंतर मिमीपर्यंत मोजा.

स्विंगवेट: मशीन नको. विणकामाची बारीक स्टीलची सुई घ्या. मुठीवर टोकापासून बरोबर १० सेंमीवर ती आडवी, म्हणजे गटाच्या प्रतलाला समांतर, टेपने घट्ट बांधा. दोन सारख्या उंचीच्या खुर्च्यांच्या कडांवर सुईची टोकं टेकवा, रॅकेट मध्ये लोंबू द्या. गटाचं तोंड पुढे-मागे जाईल असा छोटासा झोका द्या, हाताच्या दोन-तीन बोटांपेक्षा जास्त नको, मोठ्या झोक्याने सूत्र चुकतं. २० फेऱ्यांचा वेळ मोजा, जाऊन परत आली की एक फेरी. पाच वेळा करा, सरासरी घ्या, २० ने भागा. मग:

स्विंगवेट = २४.८५ × वजन (किलोत) × (बॅलन्स सेंमीत − १०) × एका फेरीचा वेळ × तोच वेळ परत

२० फेऱ्यांत ०.१ सेकंद चुकला तर आकडा दोन-अडीचने हलतो, तेवढं चालतं. पंखा बंद करा. सुई गटाच्या प्रतलाला काटकोनात बांधून परत मोजलं तर दोन आकड्यांतला फरक म्हणजे ट्विस्टवेट, पण ३०० तला १४ चा फरक हाताच्या स्टॉपवॉचने पकडणं म्हणजे देवावर हवाला.

ओव्हरग्रिप साधारण ५ ग्रॅम असते. दुसरी चढवली की तोल मुठीकडे ३-४ मिमी सरकतो आणि रॅकेट "हलकी झाली" असं वाटतं. स्विंगवेट तसाच असतो.

आकडे टाका, मग हिशोब करू.

---

बर्डीची_बॅकहँड

मोजलं. वजन २९२ ग्रॅम, बॅलन्स ३३.६ सेंमी, २० फेऱ्यांना २६.० सेकंद. २८९ येऊन राहिलं. बरोबर का?

---

शिसं_आणि_टेप

बरोबर. २९२ ग्रॅमला २८९ म्हणजे हलका स्विंगवेट, तुमच्या तक्रारीशी जुळतो. आधी ३०० च्या थोडं पुढे जाऊ, एकदम नाही.

पहिली पायरी: ३ आणि ९ वाजण्याच्या जागी २-२ ग्रॅम, एकूण ४. स्विंगवेट ७ ने वाढून २९६. हेडच्या बाजूला, मधल्या रेषेपासून साडेबारा सेंमी लांब असल्यामुळे ट्विस्टवेटही ०.६ ने वाढतो. १३-१४ च्या आकड्यात ०.६ बारीक वाटेल, पण व्हॉलीत जाणवतं. ६ मिमी रुंद शिशाची पट्टी साधारण १० सेंमीला १ ग्रॅम भरते. म्हणजे एका बाजूला २० सेंमी, १०-१० च्या दोन पट्ट्या. तरी काट्यावर टाकूनच कापा, कंपनीगणिक जाडी वेगळी असते. फ्रेमच्या आतल्या बाजूला, ग्रॉमेटच्या (तारा ओवायच्या प्लास्टिकच्या भोकांच्या) दोन्ही अंगांना चिकटवा. आधी तिथला भाग स्पिरिटने पुसा, नाहीतर मे महिन्यात घामाने नि उन्हाने पट्टी सुटून येते. वरून कापडी टेप मारा आणि हात साबणाने धुवा, शिसं विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर टेपशिवाय उघडी पट्टी ठेवूच नका.

टायरवाल्याकडची चाक बॅलन्सिंगची वजनं कोणी सुचवली तर नाही म्हणा. ती जाड असतात, फ्रेमच्या गोलाईला बसत नाहीत आणि जोराच्या सर्व्हिसला उडतात.

दोन आठवडे एवढ्यावरच खेळा. व्हॉली सुधारली आणि खांदा दुखत नसेल तर दुसरी पायरी: शेंड्याला २ ग्रॅम, स्विंगवेट अजून ६.७ ने वाढून ३०३. आता तोल ३४.१ सेंमीवर जाईल, म्हणजे हेडकडे ५ मिमी, आणि नेटवर रॅकेट आळशी वाटेल. ते सोडवायला मुठीत टोकापासून ५ सेंमीवर ५ ग्रॅम. बट कॅपचं (मुठीच्या टोकाचं) झाकण उघडून कापसात गुंडाळून घट्ट बसवा किंवा ग्रिपखाली पट्टी गुंडाळा. एम-सील ओतू नका, ते कायमचं. इतकं झालं की तोल परत ३३.६ वर येतो, वजन ३०३ ग्रॅम, स्विंगवेट ३०३. आकडे सारखे आले हा योगायोग आहे, त्यात काही गूढ नाही.

---

सावजी_स्लाइस

मान्य, ६० पाउंड मागे घेतो. पण मग गट आणि शिसं दोन्ही एकदम करावं का?

---

गटिंगवाला_धंतोली

अजिबात नाही. दोन्ही एकदम केलं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. आधी गट: सगळीकडे पॉलिएस्टर, १.२५, ४७ पाउंड. चार सकाळी खेळा, दर वेळी एकाच डब्यातल्या त्याच वयाच्या बॉलने, कारण जुना बॉल सगळे निष्कर्ष फिरवतो. क्रॉस कोर्ट फोरहँडचे ३० बॉल मारून किती आत पडले ते मोजा, सोबत ३० व्हॉलीही. मग शिसं लावा आणि तेच परत मोजा. मेच्या उन्हात आठला मोजलेलं सहाच्या मोजणीशी लावू नका. तापलेल्या बॉलमधला दाब वाढतो आणि तो जास्त उसळतो.

---

चौकातला_न्यूटन

आणि नवीन घ्यायची वेळ आलीच तर दुकानात फ्रेमवरचे ३०० वाचून घेऊ नका. गट घालून स्विंगवेट किती भरतो ते विचारा. तेच छापलेलं वजन असलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन फ्रेमही गट नसताना काही ग्रॅमने आणि तोलात काही मिमीने वेगळ्या निघतात. दोन घेणार असाल तर सुई आणि खुर्च्या सोबत घेऊन जा.

---

बर्डीची_बॅकहँड

दुकानात दोन खुर्च्या मिळतील का तेवढं विचारते. ४७ पाउंडाचं आजच टाकून आले. उद्या सकाळी ट्यूनरवर पहिला आकडा घेऊन इथे टाकते.